पावशेर

मंगळवारी चारला शिधयेकाका येतात
रामबागेतून रिक्षानं, उजवा हात मांडीवर
दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळावं तसा धरून.
जेल रोडवरच्या माझ्या खोलीत पंखा आवाज करतो.
मी पेटी उघडते. चित्रांचे बावन्न पत्ते,
पुण्याहून मागवलेले:
किल्ली, कंगवा, बदक, बंब.
बंब हल्ली धडधाकट पोरांनाही ओळखत नाही,
पण तो काढला तर एक्कावन्न उरतात
आणि गुणांचा हिशेब बिघडतो.

पत्ता बाविसावा. छत्री.
काळी, उघडी, खाली कुणीच नाही.
काका बघतात. ओठ जुळतात, सुटतात.
मग डावा हात उठतो खिडकीकडे,
कृष्णपुऱ्याच्या दिशेनं,
आणि म्हणतात, "राजा."

मी लिहिते: चूक.
लिहून झाल्यावर पेन तिथंच राहतं.
नदीकाठी तिकडे छत्र्याच तर आहेत,
दगडी, राजांच्या नावानं उभ्या,
दुपारच्या सावलीला कबुतरं.
म्हणजे शब्द सापडला होता त्यांना.
पुढच्या दारानं शिरले
आणि मागच्या दारानं बाहेर पडले, एवढंच.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात होते.
सियागंजात दुकानात शिरले की
गल्ल्यावरचा माणूस आधी पाणी विचारायचा,
मग तागडी पुसायचा.
किलो हा किलोच आहे, हे कसं ठरवायचे?
ऑफिसच्या कपाटात पितळी किलो होता, मखमलीत.
आणि तो किलो कशावरून?
काकू सांगतात, तो भोपाळला जायचा अधूनमधून,
तिथल्या किलोसमोर बसायचा.
आणि भोपाळचा?
"असेल त्याच्याही वरचा एखादा.
कुठंतरी थांबतच असेल ना!"

मला नाही माहीत कुठं थांबतं.
माझा पत्ता कोशाकडे बोट दाखवतो.
कोश म्हणतो: ऊनपावसापासून रक्षण करणारे साधन.
रक्षण बघितलं. राखणे.
राखणे बघितलं. रक्षण करणे.
कपाट बंद, मखमल आत,
आणि राख तर नदीकाठी होतीच.

एम. वाय. हॉस्पिटलला अहवाल हिंदीत द्यावा लागतो.
लिहिलं: रोगी की चेष्टा सराहनीय है।
काकूंनी वाचलं, चष्मा कपाळावर नेला.
"चेष्टा नाही हो करत ते. मनापासून करतात."
पन्नास वर्षं इंदुरात काढलेली बाई,
हिंदीतली चेष्टा तिला पाठ आहे.
पण डोळा आधी घरात पडला.
मी खोडून "प्रयास" लिहिलं.
काकू हसल्या, मग गप्प झाल्या.

त्यांचं नाव कुमुदिनी.
ते फेब्रुवारीत गेलं, अर्ध्या अंगाबरोबर.
आता काकांना एकच हाक येते:
"पावशेर!"
शेर त्यांच्याच खात्यानं बाद केलेला,
जुने शेर त्यांनी स्वतः पोत्यानं जप्त केलेले.
त्या जप्तीतून हे एक कसं निसटलं
आणि इतकी वर्षं कुठं बसलं होतं?
पहिल्या दिवशी काकू रडल्या म्हणे.
आता कुकरच्या शिट्टीतूनही ओळखतात.
"ओ, आले!"
हाक गेली, बाई आली.
चाचणीच्या कागदावर याला रकाना नाही.

परवा मी बाविसावा पत्ता पुन्हा काढला.
काकांनी तो माझ्या हातातून घेतला,
डाव्या तळव्यावर आडवा ठेवला,
डोळे मिटले,
आणि तळवा किंचित खालीवर केला,
दुकानदाराचं वजन हातात घेऊन करत असतील तसा.
बराच वेळ.
"कमी," म्हणाले.

काय कमी? पुठ्ठा? चित्र? मी?
विचारलं असतं तर पुन्हा शब्दच विचारावे लागले असते.
रकान्यात लिहिलं: कमी.
चूक की बरोबर, ते लिहायचं राहिलं,
कारण साडेचारचा मुलगा दारात उभा होता,
सहा वर्षांचा, त्याला र येत नाही.
काकांकडे बघून म्हणाला,
"आजोबा, छत्ली द्या ना."