माणसावर वापरू नये

रात्री पावणेतीनला शेकरमधून फ्लास्क काढला.
आतलं पाणी गढूळ, वास कुबट गोडसर,
म्हणजे पोरं वाढलीत.
पोरं म्हणजे जिवाणू.
मी त्यांना मराठीत हाका मारते, बसलिंग कन्नडात,
ती दोघांचंही ऐकत नाहीत.

उद्यमबागेतला आमचा शेड, पलीकडे फौंड्री.
तिकडे भट्टी पेटली की इकडे दिवे मिचमिचतात
आणि उणे ऐंशीचा फ्रीझर
म्हाताऱ्यासारखा कण्हतो.

श्रावणात कुरिअरनं जनुक आलं, माणसाचं.
कुठल्या माणसाचं ते कागदावर नव्हतं.
नखाएवढी नळी, तळाशी वाळलेला डाग.
सोबत साडेचारशे अक्षरं,
त्यातली शंभरेक बदललेली.
हुद्दार डॉक्टरांना विचारलं, बदलली कशाला?
म्हणाले, अर्थ तोच आहे गे,
जिवाणूच्या तोंडात बसावी म्हणून
बोली तेवढी त्याची केलीय.

मला नवल वाटलं नाही.
आमची आई खडेबाजारात कन्नडात भाव करते,
पैसे मराठीत मोजते,
शेपूची जुडी काही त्यानं लहान होत नाही.

पण पहिल्या खेपेला सगळा चिखल.
प्रथिन आलं, भरपूर आलं,
नुसता गोळा होऊन तळाला बसलं.
घाईनं बोलायला लावलेलं,
घडी पडायला उसंतच नाही.
बाबा वडगावात मागावर होते तेव्हा
दसऱ्याच्या तोंडावर असली लुगडी निघायची.
सूत बरोबर, जर बरोबर,
गिऱ्हाईक नुसतं बोट लावून परत ठेवायचं.

चिखल युरियात विरघळवला.
शेतात टाकतात तोच युरिया, किंमत मात्र विचारू नका.
मग तो थोडा थोडा काढत न्यायचा,
थंडीत, दोन रात्री, हलक्या हातानं.
रुसलेल्याला जेवायला उठवतात तसं, बसलिंग म्हणाला.
त्याच्या घरी कोण रुसतं ते मी विचारलं नाही.

शेपटाला सहा हिस्टिडिनं बांधलेली,
लग्नाच्या गाडीत आपली ट्रंक ओळखू यावी
म्हणून चिंधी बांधतात तशी.
निकेलचे निळसर मणी चिंधी धरून ठेवतात,
बाकीचं वऱ्हाड वाहून जातं.

जेलवर पट्टी उमटली. एकच. निळी. हवी तिथं.
बंतु! तो ओरडला.
आली! मी.
वॉचमन काठी घेऊन धावत आला,
त्याला वाटलं घोरपड.

उंदराच्या पेशींवर घालून पाहिलं.
याच्यावाचून त्या दोन दिवसांत मरतात.
तिसऱ्या दिवशी दुप्पट.
मी उड्या मारणार होते,
तर डॉक्टर म्हणाले, अगदी तेच नाही हं हे.
माणसाच्या अंगात याच्यावर साखर चढते.
जिवाणूला ती कला नाही.
मग चालतं?
कामाला चालतं.
कुंद्याच्या गावात बिनसाखरेचं,
एवढंच बोलून मी गप्प बसले.
पण ते चालतं मला अजून पुरतं पचलेलं नाही.

आता लेबलं लावतेय.
इंग्रजीत छापलीत, भांडण नको म्हणून.
वरची ओळ: मानवी इंटरल्यूकिन-दोन.
खालची ओळ, तांबड्यात:
फक्त संशोधनासाठी, माणसावर वापरू नये.

चार दिवस माझा घसा धरलाय.
म्हणजे मानेतल्या गाठींत हेच तयार होत असणार,
साखरेसकट,
बिनलेबलाचं,
कुणाची सही न घेता.

खोकले. नळ्या मोजल्या. एकोणचाळीस.
चाळीस पाहिजेत.
बसलिंग म्हणतो, ज्या भाषेत चुकलं
त्या भाषेत परत मोजू नये.
ओंदु, एरडु, मूरु,
बर्फात बोटं बधिर होईस्तोवर