रकाना अकरा

तुर्भ्याच्या शीतगृहात उणे अठरा.
कंटेनर उघडला की आधी थंडी उतरते,
मग तारलीच्या लाद्या,
वीस-वीस किलोच्या, डोळे उघडे.

मी हर्षला नाखवा, दिवाळे गाव, बेलापूर.
माझं काम कागदांचं.
रकाना अकरा : मूळ देश.
प्रमाणपत्रावर एका देशाचं नाव आहे.
बोटीच्या नोंदवहीतले अक्षांश
त्या देशात बसत नाहीत.

जिथे जाळं पडलं
तिथल्या किनाऱ्यावर पहारा परक्या सैन्याचा.
वाळूत भिंत. भिंतीपल्याड तंबू.
तंबूत जन्मलेल्या पोरांना, आता त्यांच्याही पोरांना,
दर्या फक्त ऐकून माहीत.

सोबत करार जोडलाय, चौतीस पानी.
"भागीदारी" एकेचाळीस वेळा, मी मोजलं.
कलम सात : स्थानिक लोकसंख्येस लाभ होईल.
"संमती" शोधत बसले जेवणाच्या सुट्टीत.
एकदाच सापडली,
सही करणाऱ्या दोघांनी एकमेकांना दिलेली.

कारखानीस साहेब म्हणाले,
हर्षला, आपण माल बघतो. नकाशा बघायला दुसरी माणसं आहेत.
खरंय.
त्यांच्या मुलीची फी, माझ्या घराचा हप्ता,
याच लाद्यांतून निघतो.

आमच्या खाडीवरही सह्या झाल्या होत्या.
पूल आला, भराव आला, भरपाईचा अर्ज आला,
अर्जात "मासेमारी करत असल्याचा पुरावा".
आजाने तळहात पुढे केला.
खिडकीतला म्हणाला, याची झेरॉक्स आणा.
पण आजा तिथे ओरडू शकला,
शिव्या देत घरी आला, भाकरी जेवला,
रात्री कुणी दार वाजवलं नाही.
दोन्ही दुःखं एका पारड्यात टाकणार नाही मी.
कोळणीची लेक आहे, माप कळतं.

संध्याकाळी फुटक्या लादीतली चार तारल्या घरी नेल्या.
आईने कल्ला उचलून पाहिला.
"कंच्या दर्याची गो ही?"
मी प्रमाणपत्रावरचं नाव सांगितलं.
"देश नाय ईचारला. दर्या कंचा?"
आणि सुरी थांबवून,
"तिथली बाय आता काय इकते?"

गाडी उद्या दहाला भरायची.
रकाना अकरा कोरा ठेवून आलेय,
समासात पेन्सिलीने अक्षांश.

साहेबांच्या खणात
खोडरबर असतो, हे मला माहीत आहे.
जरा दाबून लिहिलंय.