बोलता यावं इतपत

हेडाऊ मॅडमनी कागदावर काहीच लिहून दिलं नाही.
म्हणाल्या, काका, इतक्या वेगानं चालायचं
की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.
गाणं म्हणता आलं तर तुम्ही नुसते फिरायला आलात.
बोलताच आलं नाही तर थांबा, सावली पाहा.

मी कोराडीला एकतीस वर्षं पॅनलसमोर बसलो.
थंड टर्बाइनवर एकदम लोड घेत नाहीत, हे मला कोण सांगणार.
आधी तापू द्यायची, लोखंडाला लोखंडाच्या गतीनं फुगू द्यायचं.
आणि हेही ठाऊक, की मशीन वर्षानुवर्षं कमी लोडवर रेंगाळत ठेवली
तरी ती खराबच होते, फक्त उशिरा कळतं.
माझं तेच झालं बहुतेक.
रिटायर झाल्यापासून टीव्ही ते गेट, गेट ते टीव्ही.
मग मार्चमध्ये धंतोलीला एक स्टेंट.

पण बोलता यावं म्हणजे कोणाशी?
हा प्रश्न मॅडमच्या अभ्यासक्रमात नसावा.
रत्नमालानं बूट काढले, मुलीचे जुने, जांभळ्या नाड्यांचे,
अन् म्हणाली, चला. मी ऐकते तुमचा दम.

पहिले काही आठवडे फुटाळ्याच्या काठानं, सपाटीवर.
मी बोललो: पाणी उतरलंय.
ती म्हणाली: हो.
मी बोललो: पोहेवाला अजून आला नाही.
ती म्हणाली: तुम्हाला तर्री बंद आहे.
चाळीस मिनिटांत चार वाक्यं,
छातीवर कसलाच भार नाही.

नंतर मॅडमनी पट्टी दाखवली, सहापासून वीसपर्यंत.
सहा म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस,
वीस म्हणजे आता संपलो.
एक मिनिट जोरात, पंधराच्या आसपास, मग दोन मिनिटं हळू.
हृदयाला थोडा चढ दाखवा, म्हणाल्या,
सपाटीवर ते सगळंच शिकेल असं नाही.

सेमिनरी हिल्स. पहाटेचे पाच. नवतपा लागलेला,
रस्ता रात्रभर निवलाच नव्हता.
साग उघडे, नुसत्या काड्या.
तिनं घड्याळ पाहिलं, म्हणाली, घ्या लोड.
मी घेतला.
कानात ठोके. गुडघ्यांत वाफ. जीभ कोरडी चिंधी.
आणि नेमकं तेव्हाच ती बोलायला लागली.

माय गेली तेव्हा मी तुमसरला एकटीच गेले.
बसमध्ये उभी. समीक्षा कडेवर.
तुम्ही तेराव्याला आले, अन् जेवून परत गेले.

माझ्याकडे उत्तर होतं. सव्वीस वर्षं तयार होतं:
युनिट ट्रिप झालं होतं, रिलीव्हर आला नव्हता,
रजिस्टरला नोंद आहे.
पण तोंडातून फक्त हवा निघत होती, तीही पुरत नव्हती.
मी हात हलवला.
ती म्हणाली, अजून वीस सेकंद.

मग हळू.
दम परत आला, एकेक ठोका जागेवर बसत गेला.
उत्तर तोंडापाशी आलं, अन् मला ते
रजिस्टरच्या पानासारखंच दिसलं. तारीख, वेळ, सही.
मी म्हणालो: तेव्हा कोण होतं तुझ्यासोबत?
सांगितलं न, कोणीच नाही. चला, दुसरं मिनिट.

सहा चढ झाले त्या दिवशी. सहा मिनिटं तिची.
सगळी भांडणाची नव्हती. एकात तिनं
कूलरच्या टपाला पडलेल्या भोकाबद्दल सांगितलं,
एकात नुसतं मोजलं, साठपासून उलटं.

जूनच्या शेवटी परत ट्रेडमिलवर चढवलं, तारा लावल्या.
मॅडम कागद पाहत म्हणाल्या, छान, पल्स लवकर उतरते आता.
किती चढते ते सगळेच पाहतात हो काका.

घरी येताना ऑटोत मी विचारलं,
तुझा आकडा किती असेल गं, त्या बसमधला?
व्हेरायटी चौकाचा सिग्नल लागला होता. ती बाहेर पाहत राहिली.
म्हणाली, पट्टी कुठे होती तेव्हा.
मग सिग्नल सुटल्यावर:
उद्या मला बूट घ्या. साधे.
हे मागून चावतात.