अर्धो वाटो

देवगडात नेट धड चालतं ते बर्फाच्या कारखान्यात,
म्हणून मुलाखत तिथूनच दिली.
मागे कॉम्प्रेसर धडधडत होता.
पलीकडचा म्हणाला, जरा शांत जागी जाता का?
म्हटलं, हीच.

जाहिरातीत फ्रेशर लिहिलं होतं,
तरी पहिला प्रश्न अनुभवाचा.
दोन वर्षं, मी म्हटलं.
एकेचाळीस ट्रॉलर, रोजच्या लाद्या, डिझेल, उधारी,
सगळं मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतं.
एकदा ऐन हंगामात कॉम्प्युटर बसला
तेव्हा पहाटे तीनला बॅटरी घेऊन आले होते,
जेटीवर बोटी खोळंबल्या होत्या.
तो टाईप करत राहिला.
खऱ्या कंपनीतला विचारतोय, म्हणाला.

मग सांगितलं, झाड उलटं करून दाखवा,
वीस मिनिटं.
हापूसच्या गावात हे कुणी करत नाही,
पण केलं. सतराव्या मिनिटाला.
बरं, म्हणाला.

अपेक्षा किती?
तळहातावर पेनाने तीस लिहून ठेवलं होतं,
लाद्यांच्या ओलीने त्याचा नुसता निळा डाग झालेला.
मी डागाकडे बघत म्हटलं, तुम्ही ठरवाल ते.
(हे मी का म्हटलं?)

त्यांचं ठरलेलंच होतं:
तीन महिने शिकायचं, बिनपगारी.
मग अठरा हजार.
दोन वर्षांचा बाँड, मध्येच सोडलं तर दीड लाख भरायचे.
पुण्यात नुसत्या कॉटचे सात.

खिडकीशी बाबल तांडेल उभा होता बर्फासाठी.
काय गो, लागली?
सांगितलं.
तीन म्हयने फुकट?
आमच्या होडयेर नवो पोरगो इलो,
जाळा धरूक येणा नाय,
चार दिस नुसतो ओकता,
तरी अर्धो वाटो मेळता तेका.
आणि पळालो तर?
तर काय. ॲडव्हान्स आमचो बुडता.

त्याच्या खात्यावर बारा लाद्या टाकल्या.
पडद्यावर आलं: नक्की?
खाली हो, खाली नाही.
हा प्रश्न मीच घातलेला,
गेल्या वर्षी एकाच्या नावावर चुकून एकशेवीस गेल्या तेव्हापासून.

संध्याकाळी त्यांचा मेल आला.
उद्या सहापर्यंत कळवा.
खाली हिरवं बटण, स्वीकारा.
दुसरं शोधलं, पार तळापर्यंत.
मी केलं असतं तर
दोन ठेवली असती.