चीक

जांबोटीच्या अलीकडं, इनास कुतिन्होच्या परसात
डुकरिणीनं बुधवारी अकरा पिल्लं घातली.
शनिवारी आठांना पांढरी हगवण.
रविवारी मिस्सा सुटायच्या आत पाच गार.

मी एक उचललं. पोत्यात घातलं, पोतं बर्फाच्या डब्यात,
डबा मांडीवर घेऊन लाल बसनं बेळगाव.
कंडक्टरनं विचारलं, "एन अदरी?"
मी म्हटलं, मासळी.

हुक्केरी डॉक्टरांनी आतडं उभं चिरलं,
बोटभर तुकडा मिठाच्या पाण्यात तीनदा खळबळला.
धुऊन जायचं ते गेलं.
उरलेलं भिंगाखाली:
भाताच्या तरव्यासारखी दाट लव
आणि तिच्या शेंड्याशेंड्याला
निळ्या, बारक्या काड्या.
"यांना केस असतात," डॉक्टर म्हणाले, "इथं दिसायचे नाहीत.
केसांनीच धरतात. नाहीतर
एवढ्या वाहत्या ओढ्यात कोण टिकतंय?"

मला त्या काड्यांचा राग यायला हवा होता.
वाहून जायचं नाही,
एवढंच तर धरून बसल्या होत्या.

परत गेले तेव्हा तीन उरली होती.
आनामारी राखेनं हंडा घासत होती.
"दूध एकच, माती एकच,
मग ही तिघंच कशी गं हिंडूलाल्यात?"

मी सांगितलं: काहींच्या आतड्याला
तो केस अडकायची जागाच नसते. जन्मापासून.
तुझ्या लुगड्याला कुसळ धरतं,
हंड्याला धरत नाही, तसं.
बाकीच्यांना चीक हवा होता, पहिल्या काही तासांत.
आईनं ओळखलेला रोग चिकातनं उतरतो पोटात,
मग हे चिकटत नाहीत.

ती हसली.
"चिकानं चिकटत नाही? काय तुमची मराठी!"
तिच्या घरात कोंकणी, शाळा मराठीतली,
हातात लशीचा कागद कन्नडमधला.
मी त्यावर डुकरिणीची पुढची तारीख लिहिली,
विण्याच्या आधीची.

मग हंडा पालथा घालत, माझ्याकडं न बघता:
"शेवटचं होतं ना, बारकं,
ते सांजेपर्यंत आचळाला लागलंच नाही.
मी बघत होते.
लागंल म्हटलं."

तिघांतलं एक तिनं ओट्यात घेतलं.
ते थोडं धडपडलं, मग नाक खुपसून गप.
"ह्याच्या आतड्याला काहीच लागत नाही म्हणतेस?"
हे एवढंच नाही लागत, मी म्हटलं.
बाकी सगळं लागतं.

बसमध्ये साडीच्या काठाची कुसळं काढत बसले.
पिरनवाडी आली तरी संपली नव्हती.