चाकावर तळवा

वीज गेली, आणि अक्कलकोट रोडचे माग
एकामागून एक मुके झाले.
कांड्या भरायचं चाक तेवढं फिरत राहिलं, सवयीनं.

"दिसत नाही, मग आहे कशावरून?"
नरसय्यामामांनी माझ्या प्रबंधाबद्दल विचारलं.
कडेचे तारेसुद्धा जोरात फिरतात, मामा.
कुणी धरून ठेवलं नसतं
तर केव्हाच उधळून गेले असते.

मामांनी अंधारातच टॉवेल चाचपला.
हे मऊ फासे ढिल्या बीमचे. गिऱ्हाईक यांनाच हात लावतं.
खालच्या ताठ बीमला कुणी विचारत नाही.
"पण वरचे फासे दाट घातले ना,
की खालचाही ताण पुन्हा बांधावा लागतो.
टॉवेल एकट्याचा नसतो, पोरी."

तीन वर्षं माझ्या गणितात अंधार हललाच नव्हता:
तयार भांडं, त्यात ताऱ्यांची चकती ओतायची, बस्स.
आणि खरं तर वायू आत उतरताना
अंधारालाही सोबत ओढतो;
तारे फुटून तोच वायू उधळला
की अंधार मधोमध सैलावतो,
पुन्हा तेवढा घट्ट होत नाही.

मामांनी चाकावर तळवा टेकवला.
चाक कुरकुरलं, मंदावलं.
हात थोडा ओढला गेला, चाकाच्याच दिशेनं.
"बघ, तापला."

मी तो हात हातात घेतला.
कापसाची भुकटी, जुना घट्टा, आणि ऊब:
चाकाचं फिरणं,
जे आता चाकात नव्हतं.

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, लाइट कधी येणार.