पावणेदोन

सोहारच्या बंदरात, ॲल्युमिनियमच्या गोदामामागे
आमचं ऑफिस : चार टेबलं, एक एसी, त्याच्याखाली बादली.
मी कंपनीचं पान बांधते.
पाळीवर येणारा प्रत्येकजण कार्ड टेकवतो, ते उघडतं.

पानावर सात चौकटी.
आजची पाळी, सुरक्षा सूचना, सुट्टीचा हिशेब,
पगारपत्रक, हवामान, वाढदिवस, घड्याळ.
हिलालसाहेब म्हणाले, सगळ्यांना एकच पान कशाला?
ज्याला जे हवं ते वर घेऊ दे, नको ते मिटू दे.
फक्त सुरक्षा सूचना जागची हलता कामा नये.

मग चौकटींना कड्या लावल्या, माऊसनं धरून ओढायच्या.
आणि आत, सर्व्हरवर, एक तक्ता :
कोण, कुठली चौकट, कुठं, उघडी की मिटलेली.
पडदा विझला की विसरतो.
सर्व्हर विसरत नाही. क्रेनच्या केबिनमध्ये बसा, कँटीनमध्ये बसा,
तुमचं पान तुमच्या आधी येऊन बसलेलं.

हे सगळं मी रात्री ज्या फ्लॅटमध्ये तपासायची
तिथं भिंतीला खिळा मारायला मनाई आहे.
पलंगाच्या पायावर कंपनीचा नंबर.

आठवड्याभरात तक्ता भरला.
रोवेनानं वाढदिवस सगळ्यात वर नेले, केक तीच आणते.
दाद करीमनं पगारपत्रक मिटलं,
सव्वीस तारखेला उघडलं, पुन्हा मिटलं.
वाचू नये खरं तर.
पण चुका शोधायच्या म्हणजे वाचावं लागतं.
क्रमांक ४४१७नं सुरक्षा सूचना खाली ढकलायचा
अकरा वेळा प्रयत्न केला होता.

घड्याळात आपल्या घरची वेळ लावायची सोय होती.
म्हणजे तासांचा फरक : एक, दोन, तीन.
भाग विकत घेतलेला; ज्यानं केला
त्याच्या देशात वेळ अखंड असावी.
मी आधी दीड घातला. माझ्यासाठी,
आणि निम्म्या गोदामासाठी.

एका गुरुवारी रात्रपाळीचा टेकबहादुर दारात,
हेल्मेट काखेत, छातीवर कार्ड : ४४१७.
म्हणाला, मॅडम, मेरा टाइम नहीं है उसमें.
दो डालता हूँ तो पंद्रह मिनट आगे,
डेढ़ डालता हूँ तो पंद्रह मिनट पीछे.

पंधरा मिनिटांचं काय एवढं, असं तोंडावर आलं होतं.
सहाला त्याची पाळी सुटते, तेव्हा तिकडं पावणेआठ.
आठला मुलीची शाळेची बस.
मधली ती पंधराच मिनिटं.
हिसाब तो आता है मॅडम, तो म्हणाला,
देखना था.

माझे वडील बार्शीला आडतीत माप धरायचे.
पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ.
मी कॉम्प्युटर शिकायला निघाले तरी
पाऊणकी म्हणून दाखव, मग जा.
कधी लागली नव्हती.

यंत्राला पावणेदोन कळत नाही.
त्याला मिनिटं करून सांगावी लागली, एकशे पाच,
आणि पूर्णांकाचं जुनं घर मोडावं लागलं
तक्त्यात, तीन ठिकाणी. शुक्रवार त्यात गेला.
शनिवारी ४४१७चं पान पाहिलं :
पाच चौकटी बंद. वर सुरक्षा सूचना, हलत नाही ती,
तिला अगदी चिकटून घड्याळ.

चौदा महिन्यांनी त्याचा करार संपला.
निरोपाला कुणी नव्हतं, रविवार होता.
तिमाहीला आदेश येतो :
ज्यांची कार्डं रद्द, त्यांच्या ओळी काढा.
दोनशे बारा ओळी होत्या. एकाच आज्ञेत जातात,
क्रमांकही वाचायला लागत नाहीत.
मी वाचले.

यादीतला पावणेदोन तेवढा राहिला,
तो कुणाच्या नावावर नव्हता.
दीड आणि दोनच्या मधे.
परवा कुणीतरी नव्यानं निवडलाय. तक्ता उघडला नाही अजून.
बादली भरत आलीय.